आईसारखीच होणार का माझी बोटं?

पत्र ऐरोलीहून आलं आहे. थोडक्यात असं:

"ताई, माझं वय ५७. वीस-बावीस वर्षं घरीच साड्यांना फॉल-पिको करते, ब्लाउज शिवते. चार वर्षांपूर्वी उजव्या तर्जनीच्या नखापाशी दुखायला लागलं. तिथे आता दोन कडक दाणे आहेत. मग मधलं बोट, मग करंगळी. वर्षभरापासून अंगठ्याच्या मुळाशी कळ येते, कात्री धरली की जास्तच. सकाळी दहा मिनिटं बोटं आखडलेली असतात. रक्त तपासलं, आरए (आमवाताची चाचणी) निगेटिव्ह आहे. युरिक ॲसिड थोडं जास्त निघालं म्हणून डाळी बंद केल्या, फरक पडला नाही. एक्स-रे बघून डॉक्टर म्हणाले, झीज आहे, वयानं होतं, आता हे वाढतच जाणार. माझ्या आईची बोटं शेवटी आल्याच्या गड्ड्यासारखी वेडीवाकडी झाली होती. माझीही तशीच होणार का? किती वर्षांत? काम बंद करू का? मार्गशीर्षात मुलीचं लग्न आहे, पुढे तिलाही हे होईल का? आणि आत्ताच बांगडी अंगठ्याशी अडकते, चुडा भरायच्या दिवशी काय करू?"

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. आईची बोटं वाकडी झाली हे तुम्ही लिहिलंत, पण त्या बोटांनी ती काय काय करायची हे लिहिलं नाहीत. मला खात्री आहे की ती शेवटपर्यंत भाजी निवडत असणार, वाती वळत असणार, नातवंडांना भरवत असणार. आठवून बघा, कारण तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथेच आहे. बोटांचा आकार आणि बोटांचं काम हे दोन वेगळे हिशेब आहेत. आकाराचा हिशेब बराचसा जन्मापासून ठरलेला असतो. कामाचा हिशेब मात्र अजून तुमच्या हातात आहे.

तुम्ही वर्णन केलंय ते हाताच्या ऑस्टिओआर्थ्रायटिसचं, म्हणजे ज्याला सगळे 'झीज' म्हणतात त्या सांध्यांच्या आजाराचं, अगदी ठरावीक चित्र. नखाजवळच्या सांध्यावरच्या दाण्यांना 'हेबर्डनच्या गाठी' म्हणतात. विल्यम हेबर्डन हे अठराव्या शतकातले लंडनचे डॉक्टर. त्यांचं पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर १८०२ मध्ये आलं आणि त्यात त्यांनी स्पष्ट लिहून ठेवलं, की या गाठींचा गाऊटशी, म्हणजे युरिक ॲसिड सांध्यात साचून होणाऱ्या संधिवाताशी, संबंध नाही. दोनशे वर्षं होऊन गेली, तरी आपल्याकडे बोटाला गाठ दिसली की पहिली चिठ्ठी युरिक ॲसिडची निघते आणि बाईच्या ताटातली आमटी जाते. तुम्ही डाळी पुन्हा सुरू करा. नुसतं युरिक ॲसिड थोडं वाढलेलं असणं म्हणजे गाऊट नव्हे, आणि डाळींमुळे गाऊट वाढतो असंही अभ्यासांत दिसलेलं नाही. चिंच, कैरी, वांगं यांनी गाठी वाढतात याला आधार नाही. थंड पाण्यात हात घातल्यानं दुखणं जाणवतं, पण आजार पाण्यामुळे होत नाही. आणि बोटं मोडल्यामुळेही होत नाही. डोनाल्ड अंगर नावाच्या एका अमेरिकन डॉक्टरांनी साठ वर्षं फक्त डाव्या हाताची बोटं मोडली, उजव्याची मोडली नाहीत. शेवटी दोन्ही हात सारखेच निघाले, संधिवात कुठल्याच हाताला नव्हता. तेव्हा लेकीची दृष्ट काढताना कानशिलावर बोटं मोडायची असतील तर खुशाल मोडा.

आता 'वाढतच जाणार' या वाक्याबद्दल. मी तीस वर्षं ठाण्यात हातांची थेरपी केली, आणि हे वाक्य ऐकून खचलेल्या किती बायका माझ्यासमोर बसल्या याची गणती नाही. ते वाक्य पुरतं खरं नाही. गुडघ्याचं दुखणं जसं वर्षानुवर्षं एका उतारावरून जातं असं आपण समजतो, तसं बोटांचं होत नाही. इथे प्रत्येक सांध्याची स्वतःची वेगळी गोष्ट असते. एक सांधा जागा होतो, लाल होतो, हुळहुळतो, रात्री ठणकतो. काही महिने, कधी वर्ष-दोन वर्षं हे चालतं. त्या काळात सांध्याच्या कडेला हाडाचे छोटे उंचवटे तयार होतात. मग आतली सूज ओसरते, दुखणं शमतं आणि मागे कडक, बहुतेक वेळा न दुखणारी गाठ राहते. तोवर दुसऱ्या बोटाची पाळी आलेली असते. म्हणून बाईला वाटतं, चार वर्षं झाली, सारखं दुखतंच आहे. खरं तर आज दुखणारं बोट वेगळं असतं आणि चार वर्षांपूर्वीचं वेगळं.

तुम्ही आज एक करून बघा. जी तर्जनी सगळ्यांत आधी दुखायला लागली, तिची गाठ दाबा. आता ती तेवढी दुखते का?

माझंच सांगते, मी आज ६६ वर्षांची आहे. ५२ व्या वर्षी उजव्या तर्जनीच्या टोकाचं पेर सुजलं. सव्वा वर्ष असं ठणकलं की कुलपात किल्ली फिरवताना डोळ्यांत पाणी यायचं. ते थांबलं आणि ५५ व्या वर्षी डाव्या हाताचं मधलं बोट सुरू झालं. साठीला अंगठ्याचं मूळ. आज दहांपैकी सात बोटांना गाठी आहेत, दोन टोकं थोडी तिरकी झाली आहेत. दुखतो त्यातला एकच सांधा, अंगठ्याचा, तोही काम जास्त झालं तर. गणपतीत उकडीचे मोदक मीच वळते. कळ्या पूर्वीसारख्या बारीक पडत नाहीत, हे खरं.

एक्स-रेचा आणि दुखण्याचा मेळ बसत नाही हेही लक्षात ठेवा. चित्रात सांधा पार बिघडलेला आणि बाई आरामात पोळ्या लाटते, असंही असतं. चित्र जवळजवळ स्वच्छ आणि बोटाला हात लावू देत नाही, असंही असतं. वर्षं जातील तसा एक्स-रे बहुधा बदलत जाईल, गाठी थोड्या वाढतील, मूठ आवळण्याची ताकद थोडी कमी होईल. दुखणं मात्र काहींचं वाढतं, बऱ्याच जणींचं तेवढंच राहतं, काहींचं कमीही होतं. म्हणून 'किती वर्षांत' याचं प्रामाणिक उत्तर असं, की तारीख कुणी सांगू शकत नाही आणि कुणी सांगितली तर विश्वास ठेवू नका.

एक अपवाद आहे. काही जणींमध्ये हा आजार जास्त आक्रमक असतो. बोटांचे मधले सांधे वारंवार सुजतात आणि एक्स-रेत सांध्याच्या मधोमध हाड खाल्ल्यासारखं दिसतं. त्यात बोटं लवकर वाकडी होतात. तुमच्या पत्रात मधल्या सांध्यांचा उल्लेख नाही, ही चांगली खूण आहे.

'झीज' या शब्दावरही माझा राग आहे. झीज म्हटलं की डोळ्यांपुढे घासून गेलेला पाटा-वरवंटा येतो आणि बाई हात वापरायलाच घाबरते. सांध्यात हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत कूर्चा पातळ होते हे खरं, पण त्याच वेळी शरीर डागडुजीही करत असतं. ती गाठ म्हणजे नवं तयार झालेलं हाड आहे. हात वापरल्यानं सांधा संपत नाही. उलट हात गुंडाळून बसलात तर स्नायू जातात, सांधे आखडतात आणि मग खरोखरच काही जमेनासं होतं. म्हणून काम बंद करू नका. फक्त कामाची पद्धत बदलायची आहे, मुख्यतः अंगठ्यासाठी.

कारण अंगठ्याचं मूळ हे निराळं प्रकरण आहे आणि तुमच्या पत्रात मला खरी काळजी त्याचीच वाटली. बोटांची टोकं दुखून शांत होतात, पण अंगठ्याकडे दुर्लक्ष केलं तर कामाचं नुकसान होतं. तिथला सांधा घोड्याच्या खोगिरासारखा आहे. एकावर एक बसवलेली दोन खोगिरं, म्हणून तर अंगठा सगळीकडे फिरतो. पण तोल सांभाळायची सगळी भिस्त आजूबाजूच्या बंधांवर. चिमटीच्या टोकाशी तुम्ही १ किलोचा जोर लावलात, तर अंगठ्याच्या मुळाशी साधारण १२ किलोचा दाब पडतो. आता विचार करा, जाड कापडातून कात्री चालवताना, सुई ओढताना, हूक लावताना दिवसभरात हे किती वेळा होतं. पुढे पुढे मुळाशी एक उंचवटा येतो, अंगठा तळव्याकडे ओढला जातो, अंगठा आणि तर्जनी यांच्यातली फाक अरुंद होते आणि भरपाई म्हणून मधला सांधा उलटा वाकायला लागतो. बांगडी अडकते ती याच उंचवट्यामुळे. ही फाक मोकळी ठेवणं हे तुमचं पुढच्या दहा वर्षांचं काम आहे.

त्यासाठी अंगठ्याचा पट्टा घ्या, म्हणजे स्प्लिंट. मनगट आणि अंगठ्याचं मूळ धरून ठेवणारा, बोटं मोकळी सोडणारा. दुकानातला तयार पट्टा चालतो, पण ऑक्युपेशनल थेरपिस्टकडून, म्हणजे रोजची कामं पुन्हा जमवून देणाऱ्या थेरपिस्टकडून, हाताच्या मापाचा करून घेतला तर उत्तम. शीवचं लोकमान्य टिळक रुग्णालय, केईएम आणि नायर या मुंबई महापालिकेच्या रुग्णालयांत ही थेरपी शिकवलीही जाते आणि दिलीही जाते. ऐरोलीहून शीव फार लांब नाही. पट्टा कापताना आणि शिवताना घाला. दोन आठवड्यांत 'काही फरक नाही' म्हणून कपाटात टाकू नका, निदान तीन महिने द्या. इथेच बहुतेक जणी चुकतात.

व्यायाम सोपे आहेत. सकाळी कोमट पाण्यात पाच-सात मिनिटं हात बुडवा. मग बोटं सरळ करा, नंतर टोकाचे दोन सांधे वाकवून आकड्यासारखी करा, मग हलकी मूठ, पुन्हा सरळ. दहा वेळा. अंगठ्यासाठी हातात पेला धरल्यासारखा गोल आकार करा, अंगठा बाहेरच्या बाजूला कमानदार ठेवा आणि पाच आकडे मोजा. नंतर तर्जनीभोवती हलका रबर बँड अडकवून दुसऱ्या हातानं धरा आणि तर्जनी अंगठ्याच्या दिशेला, बाजूला ढकला. त्यानं तिथला छोटा स्नायू बळकट होतो आणि अंगठ्याचं मूळ जागेवर राहायला मदत होते. रबरी चेंडू दाबत बसू नका. अंगठ्याचं मूळ दुखत असताना त्यानं बहुतेकींचं दुखणं वाढतं, आणि नेमका तोच व्यायाम शेजारणी सुचवतात.

शिवणाचं सांगते, कारण पोट त्यावर आहे. कात्री अशी घ्या की जी स्प्रिंगनं आपोआप उघडते. म्हणजे प्रत्येक कापाला अंगठ्यानं उघडायचं निम्मं काम वाचतं. मुठीवर मऊ फोम किंवा जुन्या टॉवेलची पट्टी गुंडाळून ती जाड करा. जितकं जाड, तितका चिमटीचा जोर कमी. कापड टेबलावर टेकवून कापा, हातात उचलून नको. सुई ओढायला रबराचा छोटा तुकडा ठेवा, फुग्याचा कापलात तरी चालतो. फॉल शक्य तिथे मशीनवर लावा. गिऱ्हाईक हातशिलाईच मागत असेल तर तिचे पैसे जास्त घ्या, हे मी मनापासून सांगते. वीस-पंचवीस मिनिटं झाली की हात सोडा, उठा, चहा ठेवा. आणि दिवसाचं कापणं सगळं एकदम उरकू नका. चार ब्लाउज एका बैठकीत कापण्यापेक्षा दोन सकाळी, दोन संध्याकाळी.

स्वयंपाकघरात तेच तत्त्व, टोकांऐवजी तळवा वापरायचा. कणीक तळव्याच्या टाचेनं मळा. बरणीच्या झाकणावर रबराचा तुकडा ठेवून तळव्यानं फिरवा. ओले कपडे पिळू नका, नळावर टांगून पाणी निथळू द्या. ठाण्याला दोरे-अस्तर आणायला जाता तेव्हा पिशवी बोटांवर लोंबकळत आणू नका. कोपरात अडकवा किंवा पाठीवरची सॅक घ्या. साठीच्या बाईनं सॅक घेतली म्हणून कुणी हसत नाही. मोबाइल टेबलावर ठेवून तर्जनीनं वापरा. मेसेज बोलून लिहिता येतो, मराठीतही.

औषधांत पहिली पायरी म्हणजे डायक्लोफिनॅकचं जेल. नुसतं नावाला चोळून लगेच भांडी घासायला गेलात तर उपयोग नाही. हाताला लावल्यावर तासभर हात धुवू नका. म्हणजे वेळ निवडावी लागेल, दुपारी कामं आवरल्यावर आणि रात्री निजताना. अन्नाला आणि डोळ्यांना हात लावू नका. दुखण्याच्या गोळ्या थोड्या दिवसांपुरत्या आणि डॉक्टरांना विचारूनच घ्या. बीपी, साखर, मूत्रपिंड यांचा त्रास असेल तर त्या गोळ्या महागात पडतात. आणि ओळखीतून मिळणारी, 'चार दिवसांत चमत्कार' करणारी पुडी कितीही आग्रह झाला तरी घेऊ नका. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं. चमत्कार त्याचा असतो, आणि साखर, हाडं, बीपी यांची किंमत नंतर मोजावी लागते. झीज भरून काढणारं औषध आज तरी उपलब्ध नाही. एखादा सांधा फार सुजला तर डॉक्टर थोड्या दिवसांचे काही उपाय करू शकतात. अंगठ्याच्या मुळाला काहीच लागू पडलं नाही तर तिथलं एक छोटं हाड काढण्याची शस्त्रक्रिया असते. तिनं दुखणं चांगलं कमी होतं, पण हात पूर्ववत व्हायला काही महिने जातात. तुम्ही त्या टप्प्यापासून लांब आहात.

काही खुणा दिसल्या तर मात्र वाट न पाहता संधिवाताच्या डॉक्टरांकडे जा. सकाळचा ताठरपणा तासाहून जास्त टिकायला लागला. मुठीचे मोठे सांधे किंवा मनगट सुजलं. नखं खडबडीत झाली आणि अंगावर सोरायसिसचे चट्टे आहेत. रात्री अंगठा, तर्जनी, मधलं बोट बधिर होऊन जाग येते, ते सांध्याचं नव्हे, मनगटात नस दबल्याचं लक्षण आहे. आणि बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल नि एखादी जुनी, शांत गाठ अचानक लालभडक होऊन सुजली, तर तिथे खरोखर गाऊट असू शकतो. युरिक ॲसिडचा प्रश्न तेव्हा योग्य. नखामागे जेलीसारखा पाणीदार फोड आला तर सुईनं फोडू नका. तो आतल्या सांध्याशी जोडलेला असतो, जंतू थेट आत जातात.

आता लेकीचं. हा आजार घराण्यात चालतो. इंग्लंडमध्ये जुळ्या बहिणींवर झालेला एक अभ्यास १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात बायकांमधल्या या आजारात आनुवंशिकतेचा वाटा ३९ ते ६५ टक्के निघाला. म्हणजे वाटा मोठा आहे, पण सगळा नाही. सुरुवात बहुतेकींना पाळी जाण्याच्या आसपासच्या वर्षांत होते, तुमचीही तशीच झाली. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनातल्या एका काउंटीत काढलेल्या अंदाजानुसार ८५ वर्षांपर्यंत शंभरातल्या साधारण ४७ बायकांना आणि २५ पुरुषांना हाताचा त्रासदायक ऑस्टिओआर्थ्रायटिस होतो. इतका तो सार्वत्रिक आहे. तिनं आत्ता काही करायची गरज नाही. तिच्या लग्नाच्या घाईत तिला ही काळजी देऊही नका.

आणि चुडा. कासाराला आदल्या आठवड्यातच हात दाखवून ठेवा. उजव्या हाताला नेहमीपेक्षा एक माप मोठं लागेल. आता दोन-चार घालत असाल तर दोन-सहा मागा. सकाळी हात सुजरे असतात, म्हणून शक्य झालं तर दुपारची वेळ धरा. आधी दहा मिनिटं कोमट पाण्यात हात, मग तेल किंवा साबण. अंगठा जोरानं आत दाबू द्यायचा नाही, हातावर पातळ प्लॅस्टिकची पिशवी चढवून बांगडी तिच्यावरून सरकवायला सांगा. तरीही अडली तर उजव्या हातात उघडझाप होणाऱ्या पाटल्या घाला आणि हिरवा चुडा डाव्या हातात भरा. अंगठी मात्र आत्ताच, बोट शांत असताना, सोनाराकडून मोठी करून घ्या. सांधा सुजल्यावर ती कापूनच काढावी लागते.